डोळ्यात वायू, वाटेत घाट: डिचोलीतल्या एका मास्तरांचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ५८, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेचे शिक्षक. गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून इथेही मास्तरच. लहानपणापासून दोन्ही डोळ्यांना उणे सातच्या आसपास नंबर. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी काढलेला, कृत्रिम भिंग व्यवस्थित बसलेलं. मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी चालू. घरामागे थोडं कुळागर म्हणजे सुपारीची बाग, संध्याकाळी भजनी मंडळात हार्मोनियम. त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, रुग्णालयाचं नाव गाळलं आहे.

मी डिचोलीत डोळे तपासते, डोळ्याच्या मागच्या पडद्याची, म्हणजे दृष्टिपटलाची, शस्त्रक्रिया करत नाही. ती करून गावी परतलेली माणसं पुढच्या तपासण्यांना माझ्याकडे येतात. मास्तरांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. त्याची शस्त्रक्रिया चांगली झाली, तिच्याबद्दल फार लिहायला नको. लिहायचं आहे ते नंतरच्या दोन महिन्यांबद्दल. घरी सोडताना त्यांच्या हातात एक छापील इंग्रजी कागद दिला होता. त्यावर डझनभर सूचना एकाखाली एक, सगळ्या सारख्याच टायपात. त्यातली कुठली मोडली तर डोळा जाऊ शकतो आणि कुठली मोडली तर काहीच बिघडत नाही, हे त्या कागदावरून घरातल्या कुणालाच कळण्यासारखं नव्हतं.

पडदा कसा सुटला

श्रावण संपत आला होता. रात्री दिवा मालवला की मास्तरांना डाव्या डोळ्याच्या कडेला चमक दिसायची. पावसाचे दिवस, वीज चमकत असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. खिडक्या बंद असतानाही ती दिसते हे त्यांच्या पत्नीने लक्षात आणून दिलं, तेव्हा ‘चष्म्याचा नंबर बदलला असेल’ असं ठरलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्यापुढे काजळीचे कण तरंगू लागले, मधूनच एखादा कोळ्याच्या जाळ्याएवढा धागा. दुखत काहीच नव्हतं. दुखणार कसं? दृष्टिपटलाला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात.

आत चाललं होतं ते असं. डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक जेलीसारखा काचद्रव असतो. वयानुसार तो पातळ होतो, आक्रसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटतो. बहुतेकांच्या बाबतीत हे निर्वेध पार पडतं. सुटताना तो पडद्याला ओढतो तेव्हा मेंदूला उजेड दिसल्याचा भास होतो, तीच ती चमक. जिथे तो घट्ट चिकटलेला असतो तिथे पडदा फाटू शकतो. मग फाटीतून रंगकण आणि रक्ताचे थेंब बाहेर पडतात, ती काजळी. पुढे पातळ झालेला द्रव फाटीतून पडद्यामागे शिरतो आणि पडदा भिंतीपासून उचलला जातो. मोठा उणे नंबर असलेल्यांचा पडदा ताणलेला, कडेला विरळ असतो, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हा धोका आणखी वाढतो. एरवी वर्षाला दहा हजारांत एखाद्याला होणारी गोष्ट मास्तरांच्या वाट्याला येण्याची दोन कारणं आधीच त्यांच्या फाइलमध्ये होती.

पाचव्या दिवशी सावली आली, पण ती त्यांना कळली नाही. फाट वरच्या बाहेरच्या भागात होती, त्यामुळे अंधार नजरेच्या खालच्या, नाकाकडच्या बाजूला पडला. आणि डाव्या डोळ्याची नाकाकडची नजर उजवा डोळा भरून काढतो. सातव्या दिवशी सुपारी सोलताना उजव्या डोळ्यात कूस गेलं, तो डोळा मिटला आणि तेव्हा समोरच्या पत्नीचं अर्धं तोंड गायब झालेलं त्यांना दिसलं. चतुर्थी आठवड्यावर आलेली, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं सामान जमवायचं, तरी ते तसेच उठून डिचोली बाजारात चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने नंबर तपासायला साफ नकार दिला. ‘मास्तर, हे काचेचं काम नाही, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा,’ म्हणाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वैद्यकीय निर्णय त्याचा होता.

माझ्याकडे आले तेव्हा डाव्या डोळ्याची नजर ६/६० होती, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर त्यांना सहा मीटरवरून दिसत होतं. बाहुली मोठी करून पाहिल्यावर घड्याळातल्या दीड-दोनच्या जागी घोड्याच्या नालासारखी फाट, वरचा बाहेरचा पडदा फुगून आलेला आणि नजरेचा मध्यबिंदू म्हणजे मॅक्युलाही उचललेला. हे शेवटचं महत्त्वाचं. मॅक्युला अजून चिकटलेला असेल तर शस्त्रक्रिया तासांच्या हिशेबात करतात, कारण तोवर नजर शाबूत असते. तो एकदा सुटला की थोडी सवड असते, पण आठवडाभराच्या आत काम उरकावं लागतं, आणि कितीही छान उरकलं तरी नजर पूर्वीसारखी होईल अशी हमी कोणी देत नाही. मास्तरांना मी हे त्याच दुपारी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी गोव्यातच त्यांची शस्त्रक्रिया झाली.

भूल फक्त डोळ्यापुरती. एक मिलिमीटरपेक्षा लहान तीन छिद्रांतून आतली जेली काढली, पडद्यामागचं पाणी ओढून घेतलं, फाटीभोवती लेझरचे डाग दिले आणि डोळ्याच्या पोकळीत सी-३-एफ-८ या वायूचं हवेशी केलेलं मिश्रण भरलं. लेझरचा डाग पक्का व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर फाटीपाशी पाणी पोचू नये म्हणून आतून वायूचा टेकू. हा वायू डोळ्यात सहा ते आठ आठवडे राहतो आणि आपोआप रक्तात विरून जातो, काढावा लागत नाही. एसएफ-६ नावाचा दुसरा वायू साधारण दोन आठवड्यांत जातो, नुसती हवा आठवड्याभरात. काहींच्या डोळ्यात सिलिकॉन तेल भरतात. ते आपोआप जात नाही, काही महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावं लागतं. पण त्याचा एक मोठा गुण पुढे घाटाच्या संदर्भात येईल.

कुशीवर

गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा जसा कशीही धरली तरी वरच जातो, तसा हा वायू डोळ्यात वर जातो. म्हणून फाट जिथे आहे ती बाजू वर ठेवायची, की बुडबुडा नेमका तिच्यावर टेकतो. मास्तरांची फाट डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या, वरच्या बाजूला. म्हणजे डावा कान छताकडे, उजव्या कुशीवर. त्याआधी पहिले २४ तास पालथं, तोंड जमिनीकडे, म्हणजे मॅक्युलामागचं उरलेलं पाणी बाजूला सरकतं आणि तिथे पडद्याला घडी पडत नाही. उताणं मात्र मुळीच झोपायचं नाही. उताणं झोपलं की बुडबुडा पुढे भिंगाकडे आणि बुबुळाकडे जातो, पाण्याचा मार्ग अडतो आणि डोळ्यातला दाब चढतो.

शेजारच्या घरात कुणाला पालथं झोपवलं होतं म्हणून आपणही पालथंच झोपायचं, असं नसतं. मॅक्युलाला भोक असलेल्याची स्थिती वेगळी, फाट खाली असलेल्याची वेगळी. शस्त्रक्रिया करणाऱ्याने सांगितली असेल ती, आणि कळली नसेल तर पुन्हा विचारून घेतलेली.

पालथ्या दिवसासाठी मास्तरीणबाईंनी जे केलं ते मी आता इतरांनाही सांगते. जुन्या नऊवारीची मोठी चुंबळ करून टेबलावर ठेवली, त्यात कपाळ आणि हनुवटी टेकवली. नाक मोकळं, डोळ्यावर भार नाही. टेबलाखाली पाटावर मोबाइल ठेवला, त्यावर भजनं आणि नातवाचा व्हिडिओ कॉल. दर तासाला पाचदहा मिनिटं उठून चालणं, लघवीला जाणं, मान हलवणं. रक्तदाब असलेल्या, वयस्क माणसाने पाय न हलवता तासन्तास पडून राहणं दुसऱ्या अर्थाने धोक्याचं, पोटऱ्यांत रक्त गोठू शकतं. रात्री पाठीला उशी बांधली, म्हणजे झोपेत उताणं होता येऊ नये.

साखळीहून आलेल्या काकींनी दुसराच आग्रह धरला. महिनाभर अंथरुणाला खिळून राहायचं, मान हलवायची नाही, आंबट खायचं नाही, टीव्ही बंद. त्यांच्या बोलण्याला हसू नये. एकेकाळी खुद्द डॉक्टर हेच सांगत. पडदा सुटलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निश्चल झोपवत, आणि तरी बहुतेकांचा डोळा जात असे. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ज्युल गोनँ यांनी दाखवून दिलं की रोगाचं मूळ ती फाट आहे, फाट शोधून बंद केली तरच पडदा बसतो. तिथून पुढे हा रोग बरा होऊ लागला. वाळूच्या पिशव्या त्यानंतरही बरीच वर्षं चालल्या. सवयी अशा लवकर जात नाहीत, इस्पितळातल्याही नाहीत.

तर काकींच्या यादीचं मी असं केलं: आंबट खा, मासे खा (चवथ असल्यामुळे घरात नव्हतेच), टीव्ही पाहा, चांगल्या डोळ्याने वाचा. वाचल्याने पडदा सुटत नाही. उजेड बोचत असेल तर काळा चष्मा घाला, नसेल तर घरात त्याची गरज नाही. कुंथावं लागेल असा बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, पण त्यासाठी आकाशपाताळ एक करू नका. स्थिती, थेंब, डोळा न चोळणं आणि घाणेरडं पाणी डोळ्यात न जाऊ देणं, यात मात्र सवलत नाही.

चतुर्थीचा दिवस शस्त्रक्रियेनंतरचा सहावा. मास्तरांच्या घरी पाच दिवसांचा गणपती, येणारी-जाणारी माणसं पन्नास. माटोळी बांधायला स्टुलावर चढायचा हक्क मास्तरांचाच होता, तो या वर्षी पुतण्याकडे गेला. वर बघत, हात उंचावत, सुपारीचे घोस डोळ्याजवळ नाचवत करायचं काम ते नाहीच. फटाके आणि धुपाचा धूर यांपासून दूर माजघरात त्यांची खाट हलवली. आरतीला ते उभे राहिले, मान किंचित उजवीकडे कलती ठेवून. नमस्कार करू का, असं विचारलं होतं. करा की, वाकल्याने काही होत नाही. डोक्यावरून आंघोळ मात्र दोन आठवडे नाही. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी ताज्या शस्त्रक्रियेच्या डोळ्यासाठी ते निर्जंतुक नव्हे. कुळागरात तर महिनाभर पाऊल नाही. सोलताना उडालेलं कूस, झाडावरून पडणारी झावळी, चिखलाचे शिंतोडे, आणि वनस्पतींमुळे झालेल्या जखमेतून येणारा बुरशीचा संसर्ग बुबुळाची वाट लावतो, तोही धोका होता.

थेंबांबद्दल दोनच गोष्टी. तीन बाटल्या होत्या: जंतुनाशक, सूज उतरवणारं स्टेरॉइड, बाहुली मोठी ठेवणारं. इंग्रजी नावं कुणाला वाचायची नव्हती, म्हणून बाटल्यांना एक, दोन, तीन रबर बँड लावले. दोन थेंबांमध्ये पाच-दहा मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. स्टेरॉइड हळूहळू कमी करत न्यायचं असतं, ‘बरं वाटतंय’ म्हणून एकदम बंद करायचं नाही, आणि ‘शिल्लक आहे’ म्हणून लांबवायचंही नाही. मोठ्या उणे नंबरच्या डोळ्यांत त्याने दाब चढण्याची शक्यता जास्त असते. मास्तरांचा दाब चौथ्या आठवड्यात २८ झाला होता. थेंब बदलले, दाबाचं औषध दिलं, तो १६ वर आला. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता. मोजला नसता तर कळलंही नसतं.

चोर्ला

आता मुख्य प्रसंग. शस्त्रक्रियेनंतर सतरावा दिवस. मास्तरांचे बेळगावचे मेहुणे अचानक आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. मास्तरांची तब्येत तोवर छान, डोळा पांढरा होत आलेला, उजव्या कुशीची सक्ती संपलेली. भाच्याची गाडी होती. साखळी, केरी आणि पुढे चोर्ला घाट. दोन-अडीच तासांचा रस्ता. कागदावर कुठेही ‘गाडीतून जाऊ नये’ असं नव्हतं. अकराव्या ओळीत विमानप्रवास टाळण्याची सूचना होती. मास्तरांनी आजवर विमान पाहिलं ते मोपाला उतरणारं, डोक्यावरून जाताना. ती ओळ आपल्यासाठी नाही, असं त्यांना वाटलं तर नवल नाही.

केरी सोडून घाट चढायला लागले आणि काही वळणांनंतर मास्तरांच्या डाव्या भुवईवर ठणका सुरू झाला. मग मळमळ. मागच्या सीटवरून आवळासुपारी पुढे आली, कारण घाटात मळमळलं की ‘घाट लागला’ म्हणतात आणि त्यावर आवळासुपारी हाच उपाय. आणखी थोडं वर गेल्यावर उलटी झाली आणि मास्तर म्हणाले, डाव्या डोळ्याला आता खिडकीचा उजेडही दिसत नाही. एरवी बुडबुड्यातून धूसर का होईना, उजेड दिसायचा.

मास्तरीणबाईंनी मला फोन केला तो नशिबाने लागला, त्या रस्त्यावर रेंज सगळीकडे नसते. ‘डॉक्टरबाई, ह्यांना घाट लागलाय, पण डोळा धरून बसलेत.’ मी एकच सांगितलं: गाडी वळवा, आत्ता, जिथे असाल तिथून खाली उतरा, केरीला पोचलात की परत फोन करा. केरीहून फोन आला तेव्हा ठणका अर्ध्यावर आला होता आणि उजेड परत दिसत होता.

हिशेब साधा आहे. गोवा समुद्रसपाटीला, बेळगाव सुमारे ७५० मीटरवर. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो, म्हणजे बंद जागेतला वायू जवळपास तेवढाच फुगायला बघतो. मास्तरांच्या डोळ्यात त्या दिवशी तीन मिलिलिटरच्या आसपास वायू धरला, तर वाढ पाव मिलिलिटरची. आकडा क्षुल्लक वाटतो, पण डोळ्याची भिंत ताणली जात नाही. तिच्या आत पाव मिलिलिटर जास्त भरायला जागाच नसते. दाब इतका चढतो की पडद्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीतला प्रवाह अडतो. उजेड गेला तो तेव्हा. असं काही वेळ राहिलं तर दृष्टीची नस कायमची मरते, मग पडदा कितीही छान बसलेला असो. विमानाच्या केबिनमधला दाब तर १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेएवढा ठेवलेला असतो. तिथे वायू पाव ते एक-तृतीयांशाने फुगतो, आणि विमान काही केरीपाशी वळवता येत नाही.

दोन तासांनी माझ्याकडे आले तेव्हा दाब ११ भरला. आदल्या तपासणीत तो १८ होता. हे वाचून एखादा म्हणेल, मग सगळं ठीकच की. उलट, हा कमी आकडाच घाटात काय झालं त्याचा पुरावा आहे. वर असताना चढलेल्या दाबाने डोळ्यातलं पाणी जास्त वेगाने बाहेर ढकललं गेलं. खाली आल्यावर वायू आकसला आणि गेलेलं पाणी अजून भरून निघायचं होतं. खाली मोजून ‘दाब नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलं असतं तर ते पुढच्या रविवारी पुन्हा निघाले असते. पडदा पाहिला, जागेवर होता. नसेचा रंग ठीक होता. त्याच संध्याकाळी त्यांना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवून खात्री करून घेतली.

चोर्ल्याच्या जागी अनमोड धरा, आंबोली धरा, गणित तेच. पुणं सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे मुलाकडे पुण्याला जाणंही वायू संपेपर्यंत नाही. कोकण रेल्वेने किनाऱ्या-किनाऱ्याने मुंबईला जाता येतं, कारण मुंबईही समुद्रसपाटीला. पण तेही डॉक्टरांना विचारून. लोंढ्याकडे जाणारी गाडी मात्र घाट चढते. समुद्रात टाकी लावून बुडी मारण्याचं जे पर्यटकी काम आपल्याकडच्या तरुणांना मिळतं, तेही बंद. तिथे दाबाचा खेळ उलट दिशेने होतो.

एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. आपल्याकडचे कितीतरी लोक डोळ्यांसाठी बेळगावलाच जातात. तिथे शस्त्रक्रिया करून घाट उतरून घरी येताना वायू आकसतो, दाब उतरतो, ते तुलनेने कमी धोक्याचं. पण पंधरा दिवसांनी तपासणीला पुन्हा घाट चढायचा असतो, तेव्हा डोळ्यात वायू असतोच. म्हणून शस्त्रक्रिया ठरवतानाच विचारायचं: मी समुद्रकाठी राहतो, मधल्या तपासण्या कुठे करू? अशा माणसासाठी काही वेळा वायूऐवजी तेल निवडतात, कारण तेल उंचीवर फुगत नाही. निवड शेवटी फाट कशी आहे त्यावर ठरते, पण घराचा पत्ता डॉक्टरांना ठाऊक हवा. आणि गोव्यात हातात देण्याच्या कागदावर ‘विमान’ या शब्दाच्या आधी ‘घाट’ हवा, मराठीत आणि कोकणीत, मोठ्या अक्षरात. हे मी संबंधितांना कळवलं आहे.

अजून एक ओळ तितकीच वजनदार. मास्तरांच्या मनगटावर ‘डोळ्यात वायू आहे’ असं लिहिलेला पट्टा होता. आठव्या दिवशी आंघोळीला तो भिजतो म्हणून त्यांनी कापून काढला. तो पट्टा घरच्यांसाठी नसतोच. स्कूटरवरून पडून हात मोडला आणि पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञ नायट्रस ऑक्साइड वापरू शकतो. तो डोळ्यातल्या बुडबुड्यात शिरून तो फुगवतो, घाटाइतकाच घात करतो. आम्ही नवा पट्टा बांधला आणि वायू संपल्याचं मी स्वतः पाहीपर्यंत ठेवला.

नजर परत येताना

पहिले तीन आठवडे डाव्या डोळ्याला हात हलताना दिसत, इतकंच. मग एके सकाळी वरच्या बाजूला स्वच्छ उजेडाची पट्टी आणि तिच्याखाली हलणारी आडवी रेषा दिसली. मास्तर घाबरले, पडदा पुन्हा सुटला म्हणून पळत आले. तो बुडबुड्याचा काठ होता. डोळ्यात बुडबुडा वर असतो, पण पडद्यावरची प्रतिमा उलटी पडते, म्हणून तो आपल्याला खाली दिसतो. वायू जसजसा कमी होतो तसतशी रेषा खाली उतरते. शेवटी तळाशी एक गोल थेंब राहतो, कधी तो फुटून तीन-चार होतात, आणि मग एक दिवस काहीच उरत नाही. मास्तरांच्या बाबतीत हे सातव्या आठवड्यात झालं.

घाबरावं कधी, हे वेगळं सांगावं लागलं. नवी चमक, एकाएकी वाढलेली काजळी, बुडबुड्याच्या रेषेसारखी न हलता कुठल्याही बाजूने सरकत येणारी सावली, वाढतं दुखणं, आलेली नजर पुन्हा कमी होणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, सोमवारची वाट नाही. पहिल्या शस्त्रक्रियेत पडदा बसण्याचं प्रमाण ८५ ते ९० टक्के असतं. उरलेल्यांत मुख्य कारण म्हणजे पडद्यावर वाढणाऱ्या जखमेच्या साली, ज्या आक्रसून त्याला पुन्हा ओढतात. हे बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं, म्हणजे नेमकं माणूस ‘आता बरा झालो’ म्हणून तपासण्या चुकवायला लागतो तेव्हा.

नवव्या आठवड्यात नजर ६/२४, सहाव्या महिन्यात ६/१८, वर्षाने चष्म्यासह ६/१२. मॅक्युला सुटलेल्या डोळ्यासाठी हे चांगलं आहे. मास्तरांना ते चांगलं वाटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. तक्त्यावरची अक्षरं वाचता येणं आणि नीट दिसणं यांत फरक आहे. डाव्या डोळ्याने वहीतलं वाचताना शिरोरेषा मध्येच खचलेली दिसायची आणि अक्षरं उजव्या डोळ्यापेक्षा बारीक. मॅक्युलाच्या पेशी पुन्हा चिकटल्या तरी तंतोतंत आधीच्या जागी बसतातच असं नाही. हे वर्षभर हळूहळू सुधारत जातं, पूर्ण जाईलच असं नाही. शाळेतली चौकटीची वही भिंतीला लावून आठवड्यातून एकदा एकेका डोळ्याने पाहायची, वाकडेपणा वाढत तर नाही ना ते नोंदवायचं, एवढं काम त्यांना दिलं. ते त्यांनी हजेरीपटाच्या शिस्तीने केलं.

ज्यांच्या डोळ्यात स्वतःचं भिंग आहे, त्यांच्यासाठी एक वाक्य: जेली काढल्यानंतर पन्नाशीपुढच्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो, तेव्हा बरा झालेला डोळा पुन्हा धूसर झाला म्हणजे पडदाच सुटला असं नसतं. तपासून घ्यायचं मात्र लगेच.

दुसरा डोळा, दुसरी पिढी

एका डोळ्याचा पडदा सुटलेल्याच्या दुसऱ्या डोळ्याला जवळपास दहात एक इतका धोका मानतात. मास्तरांच्या उजव्या डोळ्यात कडेला पडद्याची विरळ झालेली पट्टी होती, तिच्यात दोन बारीक भोकं. अशा पट्टीवर आधीच लेझर करावं की नुसतं लक्ष ठेवावं, यावर पडद्याच्या डॉक्टरांत एकमत नाही. काहींच्या मते लेझर न केलेल्या जागीही फाट पडू शकते, मग उपयोग काय? मी मास्तरांच्या बाजूने विचार केला: मोठा नंबर, एक डोळा गेलेला-आलेला, आणि उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पुढे-मागे काढावाच लागणार. लेझर करून घ्यावं असं मी सुचवलं, त्यांच्या डॉक्टरांचंही तेच मत पडलं. पाच-दहा मिनिटांचं काम, घरी जाऊन संध्याकाळी हार्मोनियम.

पुण्यातल्या मुलाचा नंबर उणे सहा. चाळिशीही नाही, चमक नाही, काजळी नाही. बाहुली मोठी करून पडद्याच्या कडा कधी पाहिल्या होत्या का, असं विचारल्यावर, चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर डोळे तपासल्याचं त्याने सांगितलं. त्या यंत्राला नंबर कळतो, पडद्याच्या कडा दिसत नाहीत. दिवाळीला गोव्यात आला तेव्हा पाहिलं. पडदा ठीक आहे. वर्षातून एकदा पाहायचं आणि चमक दिसली तर त्याच दिवशी यायचं, असं त्याच्या फाइलवर लिहिलं आहे.

मास्तरांचा आणि माझा एकच वाद अजून मिटलेला नाही, तो स्कूटरचा. दोन्ही डोळ्यांच्या नजरेत फरक पडला की अंतराचा अंदाज चुकतो. पहिले काही महिने ते कपाच्या बाहेर चहा ओतत होते आणि पायरी चुकवत होते. आता ते बरंच सुधारलं आहे, पण समोरून दिवे आले की डाव्या डोळ्यात उजेड पसरतो. दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, हेल्मेट आणि काच लावून चालवा, असं मी म्हणते. भजन रात्री दहाला संपतं, असं ते म्हणतात. सध्या पेटीवाल्यांना आणायला-सोडायला तबलजींची मोटारसायकल येते, आणि मास्तरांना ते अजिबात आवडत नाही.